चाकोरीतल्या मोटारीचं लोहचुंबक

स्लॉट कार म्हणजे खाचेतून पळणारी विजेची छोटी मोटार. पोटाखालची खुंटी खाचेत, खाचेच्या दोन्ही अंगांना विजेच्या पट्ट्या, आणि खेळणाऱ्याच्या हातात वेगाचा खटका. गेवराई-माजलगावकडच्या काळ्या रानात वाळलेल्या चाकोरीत चाक बसलं की बैलगाडी हवी तिकडं वळवता येत नाही, तसंच इथं. दिशा ठरलेली, वेग तेवढा आपला. म्हणून सगळी परीक्षा वळणावर.

फ्रेड फ्रान्सिस या इंग्रज कारखानदारानं आपल्या 'मिनिमॉडेल्स' कंपनीच्या चावीवर चालणाऱ्या पत्र्याच्या गाड्यांत विजेची मोटार बसवली आणि १९५७ साली हॅरोगेटच्या प्रदर्शनात 'स्केलेक्स्ट्रिक' मांडली. तिच्यात पकडीसाठी चुंबक नव्हतं. मोटारीत होतं ते मोटार फिरवण्यापुरतं. वळणावर गाडीचं मागचं अंग सरकायचं, आणि ते किती सरकू द्यायचं यातच कसब. पकड वाढवायची तर टायर घासून सपाट करा, नाहीतर तळाला शिशाचा तुकडा चिकटवा. पण शिसं चाकांवर दाब देतं तसं गाडीचं वजनही वाढवतं, आणि वळणावर बाहेर फेकणारा जोर वजनाच्याच प्रमाणात वाढतो. हिशेब जिथल्या तिथं.

हा पेच १९७०च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेच्या 'ऑरोरा' कंपनीनं सोडवला. बोटभर लांबीच्या गाड्यांत मोटारीचीच चुंबकं मोठी करून तळातून खाली, पार पट्ट्यांजवळ आणली. नाव दिलं 'मॅग्नाट्रॅक्शन'. पट्ट्या पोलादी, त्यामुळं गाडी खाली दाबली जाऊ लागली आणि वजन वाढायचं ते नाममात्र. खऱ्या शर्यतीच्या मोटारींत हेच काम हवेकडून करून घेण्याची खटपट चालू होती. गाडीखालच्या हवेचा उपयोग करणारी 'लोटस ७८' शर्यतीत उतरली १९७७ साली. पुढं १९८०च्या दशकात जपानच्या सुमितोमो कंपनीत मासातो सागावा यांनी, आणि स्वतंत्रपणे अमेरिकेत जनरल मोटर्सनं, निओडिमियमचं चुंबक घडवलं. मग नखाएवढी वडीही पुरेशी झाली.

आता प्रश्न उलटा आला: ओढ कमी कशी करायची? सगळी मेख अंतरात. वडी पट्टीपासून केसभर लांब गेली तरी ओढ झपाट्यानं उतरते. म्हणून वडी खोबणीतून काढायची, खाली वहीच्या पुठ्ठ्याचा तुकडा घालायचा आणि परत बसवायची. मागच्या आसाजवळ वडी असली की शेपटी जखडते. पुढं सरकवली की शेपटी सैल सुटते. अंदाज घ्यायचा तर ट्रॅकचा तुकडा उलटा धरावा. गाडी लटकून राहिली तर ओढ तिच्या वजनाहून जास्त आहे.

एवढी ओढ मला तरी नको वाटते. मोटारीवर भार पडून ती तापते, सरळ पट्टीवर वेग घटतो, आणि मुख्य म्हणजे इशारा मिळत नाही. बिनचुंबकाची गाडी आधी घसरून सांगते. चुंबकाची शेवटपर्यंत गप्प चिकटून राहते आणि वडी पट्टीपासून उचलली गेली की ओढच संपते, गाडी थेट टेबलाखाली. म्हणून कित्येक क्लब वड्या काढूनच शर्यती लावतात. लाकडात खाच कोरून तांब्याची पट्टी चिकटवलेल्या ट्रॅकवर तर चुंबकाला ओढायला काही नसतंच. तिथं पुन्हा शिसंच लागतं.