आवासदान

"तेहतीस शेक घ्यायचे. मध्ये खाडा नको," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. घसा इतका बसला होता की बोलणं मलाच भाग होतं. मी म्हटलं, "आम्ही बेळगावचे. रोज कसं येणार?" डॉक्टर पुढच्या पेशंटचा कागद ओढत म्हणाले, "राहायची सोय बघा कुठंतरी."

गाठ स्वरयंत्रावर होती. ऑपरेशन केलं असतं तर आवाज कायमचा गेला असता. शेकानं बरं होण्यासारखं आहे, आवाजही राहील, असं मुंबईच्या डॉक्टरांचं मत पडलं. आमच्या बस्तीत रोज पहाटे भक्तामर म्हणणारा हा माणूस. त्याच्या दृष्टीनं दुसरा विचारच नव्हता. आठवड्याला पाच शेक, शनिवार-रविवार सुट्टी. म्हणजे जवळजवळ सात आठवडे. मशीनवर रोज जेमतेम पाच-दहा मिनिटं. उरलेला दिवस कुठं काढायचा, हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

पहिल्या लॉजवाल्यानं फाईल पाहिली आणि खोली रिकामी नाही म्हणून सांगितलं. मग डोंबिवलीला चुलतपुतण्याकडं गेलो. पोरं चांगली, पण दोन खोल्या, नातीची परीक्षा, आणि लोकलच्या गर्दीत गळ्याला हात लावून उभे असलेले हे. पाचव्या दिवशी एका ओळखीच्या श्रावकानं एका धर्मशाळेत चिठ्ठी दिली. दहा बाय दहाची खोली, दोन खाटा, बाहेर सामाईक शेगड्या. पिशव्या खाली ठेवल्या आणि मी पहिल्यांदा रडले.

मी इतिहास घेऊन बी.ए. झालेली बाई. तेहतीस हा आकडा माझ्या डोक्यातून जाईना. जे औषध द्यायचं ते एकदाच का देत नाहीत? घरी आल्यावर मिळेल ते वाचून काढलं. त्यातलं थोडं इथं सांगते.

१८९५ साली रॉन्टगेननं क्ष-किरण शोधले, १८९८ साली क्यूरी पतिपत्नींनी रेडियम. काही वर्षांतच डॉक्टर दोन्ही वापरून गाठी जाळू लागले. मोठी मात्रा एकदम दिली की गाठ विरायची, पण भोवतीची चांगली कातडी आणि मांसही जळायचं. पॅरिसच्या रेडियम इन्स्टिट्यूटमधल्या क्लॉद रेगो या शास्त्रज्ञानं एडक्यांवर प्रयोग केले. एडक्याला किरणांनी निर्बीज करायचं. एका दमात मात्रा दिली तर कातडी भाजल्याशिवाय ते साधत नसे. तीच मात्रा थोडी थोडी, दिवसांवर वाटून दिली तर साधे, आणि कातडीही वाचे. त्याचा सहकारी आंरी कुतार यानं १९२०च्या दशकात हीच रीत माणसांना लावली, आणि तीही घशाच्या आणि स्वरयंत्राच्या कर्करोगाला. रोज थोडं, कित्येक आठवडे. त्याचे काही रोगी खरोखर बरे झाले.

कारण असं, की शेक बसल्यावर चांगल्या पेशी रातोरात आपली डागडुजी करून घेतात; रोगट पेशींना ते तितकं जमत नाही. म्हणजे दोन शेकांमधली रात्र हीसुद्धा उपचाराचा भाग. मात्र फार दिवस खाडा पडला तर रोगट पेशीही पुन्हा वाढू लागतात. म्हणून डॉक्टरांचा तो आग्रह.

हे वाचून मी दोन गोष्टींपाशी थांबले. एक ते एडके. आपण पाणीसुद्धा गाळून पिणारी माणसं. ह्यांचा आवाज कुणाच्या वेदनेतून आला हे कळल्यावर घास घशात अडकला. त्याला माझ्याकडं उत्तर नाही. प्रतिक्रमणाला बसले की त्यांची आठवण येते, एवढंच. दुसरी गोष्ट अशी, की औषधच जर दिवसांवर वाटलेलं असेल, तर त्या दिवसांना छप्पर लागतं. छप्पर नसेल तर औषध अर्धंच पोचतं.

आपल्याकडच्या कॅन्सर इस्पितळाची कथाही घरापासून लांब सुरू होते. मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं वारल्या, त्या वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजी जर्मनीत वारले. पैशाला काय कमी होती? तरी दोघांचाही शेवट परमुलखात झाला. त्यांच्या मागं राहिलेल्या ट्रस्टच्या पैशातून २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडं गेलं, त्यामागं होमी भाभांची दूरदृष्टी होती. मेहेरबाई माहेरच्या भाभा, होमींच्या सख्ख्या आत्या.

हा झाला इस्पितळाचा इतिहास. त्याची पुस्तकं आहेत. धर्मशाळेचा इतिहास मात्र देणगीच्या फरशीवर कोरलेला असतो, आणि त्यावरून आपण चप्पल घालून जातो. आपल्या लोकांनी धर्मशाळा बांधल्या त्या मुख्यतः यात्रेकरूंसाठी, वाटसरूंसाठी. मुंबईत सी. पी. टँकला शेठ माणिकचंद हिराचंदांनी वडिलांच्या नावानं हिराबाग बांधली. गाडगेमहाराजांनी पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथं धर्मशाळा उभारल्या आणि स्वतः झोपडीत राहिले. ते १९५६ साली गेले. त्यांच्या नावाच्या मिशनची दादरची धर्मशाळा आज कॅन्सरच्या रोग्यांना आणि त्यांच्या माणसांना आसरा देते. परंपरा तीच, यात्रा बदलली.

आमच्या धर्मशाळेत शेजारी मालेगावकडची एक बाई होती, मुलाला घेऊन आलेली. रमजान चालू होता. तिचं चूल पेटवणं सूर्यास्ताच्या बेतानं, माझं सगळं सूर्यास्ताच्या आत आवरलेलं. शेगडीवरून भांडायला कारणच उरलं नाही. तिसऱ्या आठवड्यात ह्यांची चव गेली, गिळताना डोळ्यांतून पाणी यायचं. मीठ आणि खायचा सोडा घातलेल्या पाण्याच्या गुळण्या, तांदळाची पेज, नाचणीची आंबील. आंबील मोडली तर ती बाई मला न विचारता पुन्हा ढवळून ठेवायची.

इस्पितळाच्या बाकावर मराठवाड्यातलं एक जोडपं रोज भेटायचं. शेक तिला चालू होते. दोघं फुटपाथवर राहत होती, वर निळा प्लास्टिकचा कागद. एकदा मी नवऱ्याला विचारलं, "दादा, किती झाले?" म्हणाला, "चौदा." पुढं दोन दिवस जोराचा पाऊस झाला. त्यानंतर ती दोघं दिसली नाहीत. तिच्या नावाचा पुकारा झाला, कुणी उठलं नाही, मग पुढचं नाव घेतलं. तिचं औषध तिथंच होतं, फुकट होतं. तिला कमी पडली ती एक खोली.

समंतभद्र आचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात वैयावृत्त्याचे चार प्रकार सांगितलेत: आहार, औषध, उपकरण आणि आवास. ते मुख्यतः मुनींच्या सेवेसंबंधी आहे, हे मला ठाऊक आहे. लहानपणी पाठशाळेत चार दानं पाठ केली ती आहार, औषध, शास्त्र, अभय अशी. आवासाचं नाव मी या ग्रंथातच वाचलं, आणि तेव्हा वाटलं होतं, हे काय वेगळं सांगायचं? आता वाटतं, औषधाच्याच ओळीत आवास बसवणाऱ्याला आजारी माणसाची सेवा काय असते हे नीट माहीत होतं.

तेहतिसावा शेक झाला त्या दिवशी ह्यांचा जाळीचा मुखवटा तिथल्या मुलानं आमच्या हातात दिला. "नेणार का?" म्हणाला. हे हातानंच नको म्हणाले. आवाज परत यायला तीन महिने लागले. पहिल्यासारखा नाही, थोडा घोगरा. भक्तामर म्हणताना मध्ये पाणी प्यावं लागतं. तेवढं चालतं.

आमच्या माडीवरची खोली पोरगी सासरी गेल्यापासून बंदच होती. बेळगावातही आता शेकाला लांबून माणसं येतात. ह्यांनी खोली झाडून घेतली, मी शेगडी आणि दोन पातेली ठेवली. गेल्या महिन्यात खानापूरकडची एक म्हातारी आणि तिचा मुलगा आले. मुलानं दारातच विचारलं, "मावशी, भाडं किती?"

ह्यांनी घसा साफ केला आणि विचारलं, "शेक किती सांगितलेत?"

"पंचवीस."

"मग पंचवीस होईपर्यंत हलायचं नाही इथनं," हे म्हणाले.