शस्त्र कशाला म्हणावे?

'सायलेन्सर' म्हटले की मराठी वाचकाला मोटारसायकल आठवते, बंदूक नव्हे. त्यात चूक काहीच नाही. दोन्ही वस्तूंचे कूळ एकच आहे. हायरम पर्सी मॅक्सिम या अमेरिकन अभियंत्याने बंदुकीच्या नळीपुढे बसवायच्या नळकांड्याचे पेटंट मार्च १९०९ मध्ये मिळवले आणि तेच तत्त्व मोटारींच्या धुराड्यालाही लावले. नळीतून सुटणाऱ्या तप्त वायूला एकदम मोकळे न सोडता कप्प्याकप्प्यांतून फिरवून थंडावू द्यायचे, एवढीच त्यामागची कल्पना. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने गेली तर तिचा स्वतःचा कडाका उरतोच. म्हणून 'नि:शब्द' हे विशेषण जाहिरातीचे, वस्तुस्थितीचे नव्हे. हे नळकांडे ज्यावर चढते ते नळीच्या टोकाचे आटे, वरवर पाहता लोखंडी नळावरच्या आट्यांसारखेच निरुपद्रवी. या मॅक्सिमचे वडील म्हणजे १८८४ च्या सुमाराची मॅक्सिम मशीनगन घडवणारे सर हायरम. तोफांच्या चाचण्यांनी त्यांची श्रवणशक्ती गेली होती. बापाने साम्राज्यांना आवाज दिला आणि मुलाने तो दडपण्याचे यंत्र केले, हा योगायोग एखाद्या कादंबरीकाराने रचला असता तर आम्ही त्याला कृत्रिम म्हटले असते.

त्याच १९०९ साली लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले एका पेटीच्या चोरकप्प्यातून हिंदुस्थानात आली. खिशात मावणारे हे हत्यार तेव्हा नवलाचे होते. २१ डिसेंबरच्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात देवलांच्या 'शारदा'चा प्रयोग होता. बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपाचा तो समारंभ. अनंत कान्हेरे यांनी तेथे जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा तो सूड होता. अशा कृत्याला मॅक्सिमचे नळकांडे काय कामाचे? ज्याला पळून जायचे आहे त्याला शांतता हवी असते. भरल्या नाट्यगृहात गोळी झाडणाऱ्याला ती ऐकू जावी असेच वाटत होते. कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली.

जॅक्सन संस्कृतचा जाणकार आणि लोकसमजुतींचा संग्राहक होता. शाळामास्तरांकडून त्याने जमवलेल्या साहित्यावरून एन्थोव्हनने पुढे कोकणच्या लोकसाहित्याचा खंड सिद्ध केला. एकाच माणसाच्या ठिकाणी राज्यकर्ता आणि ऐकणारा असे दोघे नांदत होते. हे लक्षात ठेवले की नाशिकची घटना सोपी राहत नाही, आणि ती सोपी करू नये असे आम्हांस वाटते.

नाशिकहून त्र्यंबकेश्वरमार्गे पश्चिमेला उतरले की मोखाडा लागते, पुढे जव्हार. आज हे दोन्ही तालुके २०१४ साली झालेल्या पालघर जिल्ह्यात आहेत. तेव्हा मात्र त्यांच्यामध्ये राज्याची सीमा होती. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान, मोखाडा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्याचा पेटा. लिटनच्या काळातला १८७८ चा शस्त्रकायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. 'शस्त्र' म्हणजे काय हे सांगताना त्या कायद्याने बंदुका, तलवारी, खंजीर, भाले यांच्या पंक्तीत धनुष्यबाणालाही बसवले. सूट देण्याचा अधिकार सरकारने स्वतःकडे राखला होता, पण व्याख्या ती व्याख्याच. वारली आणि कोकणा यांच्या घरातला तीरकमठा जव्हारातून मोखाड्यात गेला की ब्रिटिश कायद्याच्या लेखी शस्त्र होत असे. वस्तू तीच, हात तोच. सीमा ओलांडताच नाव बदलले. साहित्याच्या वर्गात आपण शब्दार्थ संदर्भानुसार बदलतो असे शिकवतो. त्याचे याहून रोकडे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

स्वतंत्र भारताच्या १९५९ च्या कायद्यातील व्याख्येत धनुष्यबाणाचे नाव उरले नाही. केवळ घरकामाच्या वा शेतीच्या उपयोगाच्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी, तिने स्पष्टपणे वगळल्या. मात्र अग्निशस्त्राच्या व्याख्येत बाराचा आवाज किंवा उजेड कमी करण्यासाठी बनवलेली साधनेही आली. म्हणजे ते रिकामे नळकांडे, ज्यातून स्वतःहून काहीच सुटत नाही, ते कायद्याच्या दृष्टीने स्वतःच बंदूक. पहिल्या कायद्याला रयतेच्या हाताचे भय होते. दुसऱ्याला ऐकू न येणाऱ्या बाराचे आहे. व्याख्या वस्तूविषयी बोलते असे वाटते. प्रत्यक्षात ती लिहिणाऱ्याच्या भीतीविषयी बोलत असते.

पण कायद्याने व्याख्या न केलेले एक सायलेन्सर या मुलखाने पाहिले आहे. ऑक्टोबर १९४५ मध्ये जव्हारच्या शेजारच्या तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मारले गेले. जेठ्या गांगड हे त्यांतले पहिले. किसान सभेचा वृत्तांत असा, की जमीनदारांनी एक खोटी वर्दी वारल्यांत पसरवून त्यांना गोळा केले आणि ते दंग्यासाठी जमल्याची दुसरी वर्दी पोलिसांकडे धाडली. तलवाड्याचे बार मोठ्याने वाजले असतील. तरी ते मारले गेलेल्यांच्या बाजूने ऐकू येऊ नयेत याची तजवीज आधीच झाली होती: बंदुकीच्या तोंडाशी काही न बसवता, कागदावर 'दंगेखोर' हा एक शब्द बसवून.

गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७० साली प्रसिद्ध झाले, म्हणजे त्या गोळीबारानंतर पंचवीस वर्षांनी. नाशिकचा बार दुसऱ्या दिवशी देशभर गेला. तलवाड्याचा बार मराठीच्या अभ्यासक्रमांत आणि आमच्यासारख्यांच्या कपाटांत पोहोचायला एका पुस्तकाची वाट पाहावी लागली. म्हणून ते पुस्तक आम्ही केवळ चळवळीचे आत्मकथन म्हणून वाचत नाही. 'शस्त्र', 'दंगा', 'जमाव' हे शब्द कोणी कोणासाठी लिहिले, हे विचारायला ते शिकवते. विद्यार्थ्यांनी ते १८७८ च्या आणि १९५९ च्या व्याख्यांशेजारी ठेवून एकदा वाचावे, एवढेच आमचे सुचवणे आहे.