तळटीप : अंबाजोगाईचा शिलालेख आणि ‘राजाचा कायदा’

खोलेश्वर मंदिरातील शके 1162 (इ. स. 1240) च्या संस्कृत लेखाला लेखकाने येथे ‘यादवांचा कायदा’ म्हटले आहे, ते मान्य करणे कठीण आहे. सिंघणाचा सेनापती खोलेश्वर याचा पुत्र राम गुजरातच्या लढाईत पडला. त्याच्या स्मरणार्थ बहीण लक्ष्मीने मंदिर उभारले, त्याचा हा लेख. त्यात घराण्याचा पराक्रम आहे, धर्मकृत्य आहे. गुन्हा आणि दंड यांची नियमावली नाही. सुसा येथे 1901 साली सापडलेल्या हम्मुराबीच्या शिळेशी त्याची तुलना म्हणूनच टिकत नाही. दख्खनमध्ये व्यवहारधर्म ग्रंथांत राहिला. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयाने लिहिली गेली, आणि कोकणच्या शिलाहार अपरादित्याने तर स्वतः याज्ञवल्क्यस्मृतीवर टीका लिहिली. राजाच स्मृतीचा टीकाकार, तरी त्याने ती दगडावर कोरवली नाही!

सोपाऱ्याचे अशोकाचे लेख यावर आक्षेप म्हणून पुढे येतील. पण तेथे मिळालेल्या तुकड्यांतील आठवी आज्ञा धर्मयात्रेविषयी आहे, नववी निरर्थक मंगलकार्यांविषयी. दोन्हींत उपदेश आहे, शिक्षा नाही. गद्धेगाळांवरील शिव्याशापांचा आक्षेप अधिक वजनदार आहे, कारण तेथे दान मोडणाऱ्याला उघड धमकी असते. मात्र तिचा धाक एका दानापुरताच चालतो, आणि तो मुख्यतः पुढच्या सत्ताधाऱ्यांना, म्हणजे ज्यांना कोणतीही न्यायसभा जाब विचारू शकत नव्हती त्यांना, घातलेला असतो. — संपा.