दिवाणखान्यातील खेळयंत्र

दिवाणखाना या शब्दाच्या पोटात दिवाण आहे, आणि दिवाण म्हटला की दफ्तर, कारकून, फिर्यादी आणि हुकूम ही सारी मंडळी त्याच्या पाठोपाठ आलीच. परंतु जुन्या वाड्यांतील या दालनात कारभाराइतकाच सोंगट्यांचा आणि बुद्धिबळाचा पटही रंगत असे, आणि सावंतवाडीच्या चिताऱ्यांनी लाखेचा हात देऊन सजविलेल्या दशावतारी गंजिफांची, दर अवताराची बारा याप्रमाणे, १२० वाटोळी पाने बैठकीवर पसरली म्हणजे दिवाणखान्याच्या प्रतिष्ठेस बाध येतो असे कोणी मानीत नसे. म्हणून गेल्या दिवाळीच्या सुमारास आमच्या घरी, भिंतीवरच्या टीव्हीखाली, केवळ खेळांसाठी एक नवा संगणक आणण्याचा ठराव झाला, तेव्हा ‘बैठकीच्या खोलीत असले खेळ कशाला’ हा मातुःश्रींचा आक्षेप इतिहासाच्या पुराव्यावर टिकणारा नव्हता; व्यवहारात मात्र तो पुष्कळ दिवस टिकला.

या यंत्राची जन्मकुंडली पाहिली तर त्याचे माहेर दिवाणखान्यातच आहे. अमेरिकेतील सँडर्स असोशिएट्स या संरक्षण-सामग्री बनविणाऱ्या कंपनीतील अभियंता राल्फ बेअर याच्या मनात १९६६ साली असे आले की, घरोघर असलेल्या टीव्हीसमोर माणसाने नुसतेच बसून का राहावे. आणि या विचारातून सिद्ध झालेला ‘ओडिसी’ नावाचा खेळसंच मॅग्नाव्हॉक्स कंपनीने १९७२ साली विक्रीस आणला. त्याला आवाज नव्हता, गुणांची बेरीज त्याला येत नसे, आणि पडद्यावर चारदोन पांढरे ठिपके व एक रेघ यांपलीकडे तो काही काढू शकत नसे. तेव्हा खेळाचे मैदान दिसावे म्हणून टीव्हीच्या काचेवर रंगीत पारदर्शक पत्रा चिकटवावयाचा, आणि फासे, पत्ते व कागदी नोटा जमिनीवर मांडून हिशेब आपला आपण ठेवावयाचा, अशी ती व्यवस्था होती. म्हणजे अर्धा खेळ विजेवर आणि अर्धा सतरंजीवर! त्याच वर्षी २ ऑक्टोबरला मुंबईचे दूरदर्शन केंद्र सुरू झाले, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. कारण तिकडे लोक टीव्हीशी खेळू लागले त्याच सुमारास आपल्याकडे, लाकडी शटरच्या त्या पेटीपुढे, सारी चाळ चपला दाराबाहेर काढून ‘छायागीत’ पाहावयास दाटीवाटीने बसू लागली होती.

पुढे १९८२ साली इंग्लंडात निघालेला सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम’ हा संगणकही टीव्हीसच जोडावा लागे, आणि त्यातील खेळ साध्या कॅसेट टेपवरून, किंचाळल्यासारखा कर्कश आवाज करीत, काही मिनिटांनी एकदाचा चढे. पण तत्पूर्वीच, ऑगस्ट १९८१ मध्ये, आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला होता. त्याने स्वतःचा वेगळा पडदा मागितला, मेज मागितले, खुर्ची मागितली, आणि अशा रीतीने संगणक दिवाणखाना सोडून आतल्या खोलीत गेला. आपल्या देशी तर त्याने गणवेशच चढविला. १९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या सरकारी योजनेखाली शाळांतून बीबीसी मायक्रो संगणक बसविण्यात आले, आणि तेव्हापासून संगणक म्हणजे विद्या हे समीकरण मराठी मध्यमवर्गाने इतके मनावर घेतले की, वातानुकूलित संगणक कक्षात विद्यार्थी देवळात जावे तसे अनवाणी जात, आणि घरच्या संगणकावर काम संपताच मातुःश्रींसारख्या गृहिणी प्लास्टिकचा अभ्रा चढवीत. खेळ या अभ्र्याखालूनच घरात शिरला. अर्ज अभ्यासाचा आणि मंजुरी खेळाला, हा कारभार कितीएक घरांत बिनबोभाट चालला.

या साऱ्या कारभाराची पेठ म्हणजे मुंबईचा लॅमिंग्टन रोड. १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर असलेल्या लॉर्ड लॅमिंग्टनचे नाव या रस्त्यास मिळाले; महापालिकेच्या दप्तरी तो आता डॉ. भडकमकर मार्ग असला तरी टॅक्सीवाल्यास हे नाव सांगून पाहावे. ज्या रस्त्यावरील मिनर्व्हा चित्रगृहात ‘शोले’ पाच वर्षे चालला, त्याच रस्त्यावर रेडिओचे व्हॉल्व, कर्णे आणि सुटे भाग विकणाऱ्या दुकानांची जुनी वस्ती होती, आणि संगणकाचे युग येताच तिने आपल्या फळ्यांवरील माल तेवढा बदलला. हे शक्य झाले ते आयबीएमच्या एका निर्णयामुळे: आपल्या यंत्राचे बहुतेक भाग तिने बाजारातूनच घेतले होते, आणि जी एक आज्ञावली खास तिची होती तिच्या तोडीची दुसरी, मूळ न पाहता, स्वतंत्रपणे लिहून कॉम्पॅकसारख्या कंपन्यांनी थोडक्याच अवधीत तो अडसरही काढून टाकला. मग कोणाचाही मदरबोर्ड, कोणाचीही रॅम आणि कोणाचेही कॅबिनेट एकत्र करून यंत्र उभे करता येऊ लागले, आणि ‘असेंबल्ड’ हा शब्द मराठीत रुळला. माहितगार भाच्यास बरोबर घ्यावे, पाच दुकानांतून पाच कोटेशने लिहून आणावीत, घरी ती जमिनीवर मांडून रुपया-रुपयाची झडती घ्यावी, आणि अखेर पहिल्याच दुकानात जाऊन ‘बिलासकट किती, बिलाशिवाय किती’ हा सनातन प्रश्न विचारावा, असा त्याचा विधी होता. १९९६ साली आलेले ‘व्हूडू’ हे ग्राफिक कार्ड केवळ त्रिमितीय चित्रांचेच काम करी, बाकीच्या कामास दुसरे साधे कार्ड लागे, आणि दोहोंना संगणकाच्या पाठीमागे एका वायरने जोडावे लागे. अभ्यासाच्या नावावर घेतलेल्या यंत्राच्या यादीत हे दुसरे कार्ड कोणत्या विषयासाठी, हे समजावताना कितीकांची तारांबळ उडाली असेल! १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला, २००५ पर्यंत या मालावरील जकात टप्प्याटप्प्याने उतरली, आणि हे स्पष्टीकरण तरी स्वस्तात देता येऊ लागले.

परतीची वाट एका केबलने उघडली. २००२ च्या अखेरीस ठरलेल्या एचडीएमआय या एकाच जोडणीतून चित्र व ध्वनी दोन्ही जाऊ लागले, टीव्ही चपटा होऊन भिंतीवर गेला, आणि सतरा सेंटिमीटर चौरसाचे मिनी-आयटीएक्स मदरबोर्ड निघाल्याने यंत्र पोळपाटाखाली झाकले जाईल एवढ्यात मावू लागले. व्हॉल्व कंपनीने २०१५ मध्ये खास बैठकीच्या खोलीसाठी ‘स्टीम मशीन’ काढून पाहिले. ते चालले नाही, आणि लोक पूर्वीप्रमाणेच भाग निवडून आपले यंत्र आपण उभे करीत राहिले.

आम्हीही तेच केले. दुकानदाराने कोटेशन लिहिता लिहिता, मान वर न करता, ‘मुलाच्या अभ्यासासाठी ना?’ असे विचारले, आणि पन्नाशी उलटलेला मी ‘हो’ म्हणून गेलो. घरी प्रोसेसरवर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट ठेवून पंखा बसविला, बटण दाबले, पंखे फिरले, आणि टीव्हीवर ‘सिग्नल नाही’ ही अक्षरे तासभर स्थिर राहिली. केबल ग्राफिक कार्डाऐवजी मदरबोर्डाला लावली होती, हे शेवटी मुलाच्या ध्यानात आले. चित्र उमटले तर त्याच्या चारी कडा कापलेल्या. जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत कडा वेड्यावाकड्या येत, म्हणून चित्र पडद्याहून किंचित मोठे काढण्याची वहिवाट होती. नळी गेली तरी आमच्या नव्या टीव्हीने ती वहिवाट वंशपरंपरेने चालू ठेवली होती, आणि सेटिंगमध्ये शिरून ती मोडावी लागली. ‘गेम मोड’ लावल्यावर बटण दाबणे आणि उडी पडणे यांतील अंतरही मिटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो कॅबिनेटवर, गरम हवा बाहेर पडण्याच्या जाळीवरच, मातुःश्रींनी पूर्वी शटरच्या टीव्हीसाठी विणलेला क्रोशाचा रुमाल अंथरलेला. यंत्रास श्वास लागतो, असे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला, रुमाल उचलला, आणि कॅबिनेटच्या खाली घातला.