स्मृतिनिधी : नाना शंकरशेटांपासून आपल्या मुळशीपर्यंत



माणूस गेल्यावर त्याचे नाव कशाने राहते, हा प्रश्न नवा नाही. कोणी कबरीवर संगमरवर बसवतो, कोणी चौकात पुतळा उभारतो, कोणी रस्त्याला नाव देतो. आपल्या महाराष्ट्राने मात्र दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच आणखी एक वाट धरली. गेलेल्या माणसाच्या नावाने ठेव ठेवायची आणि तिच्या व्याजातून दरवर्षी होतकरू विद्यार्थ्याला शिष्यवृत्ती द्यायची. या प्रथेचा इतिहास थोडक्यात आपणांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. त्या इतिहासाचा एक धागा आपल्या घोटावड्यापासून फार लांब नाही, हेही सांगायचे आहे.

मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट ऊर्फ नाना यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा आणि मृत्यू ३१ जुलै १८६५ चा. ते व्यापारी होते आणि सचोटीसाठी त्यांची ख्याती होती. अरब आणि अफगाण व्यापारीसुद्धा आपला पैसा बँकेत ठेवण्यापेक्षा नानांच्या पेढीवर ठेवणे पसंत करीत, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. हा विश्वास आणि ही संपत्ती त्यांनी शिक्षणाच्या कामी लावली. १८४८ साली एल्फिन्स्टनच्या प्राध्यापक-विद्यार्थ्यांनी 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' नावाचे मंडळ काढले. या तरुणांनी मुलींच्या शाळा सुरू केल्या, तेव्हा समाजाचा विरोध पत्करून नानांनी मुलींच्या शाळेला स्वतःच्या वाड्याच्या आवारात जागा दिली. १८५२ ची बॉम्बे असोसिएशन आणि १८५३ ची पहिली आगगाडी या दोन्हींच्या उभारणीत त्यांचा हात होता.

नानांचा संगमरवरी पुतळा मुंबईच्या टाऊन हॉलमध्ये आहे. तो किती जणांनी पाहिला असेल? पण त्यांच्या मृत्यूनंतर दुसऱ्याच वर्षी, म्हणजे १८६६ साली, त्यांच्या नावाने मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृत विषयात चमकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ती घराघरांत पोहोचली. पुढे मॅट्रिकची परीक्षा विद्यापीठाकडून बोर्डाकडे गेली, राज्य बदलले, तरी शिष्यवृत्तीचे नाव टिकले. 'शंकरशेट स्कॉलर' म्हटले की गावात मान वर होत असे.

आता हा धागा मुळशीपर्यंत कसा आला ते पाहा. पारनेरला १८८० साली जन्मलेल्या पांडुरंग महादेव बापट या विद्यार्थ्याला मॅट्रिकनंतर ही शिष्यवृत्ती मिळाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून पदवी घेऊन १९०४ साली मंगळदास नथूभाई शिष्यवृत्तीवर ते एडिंबरोला गेले. तेथे इंग्रजी राज्याविरुद्ध ते उघड बोलले आणि ही दुसरी शिष्यवृत्ती बंद झाली. हेच बापट १९२१ साली आपल्या मुळशी पेट्यात आले. टाटा कंपनीच्या धरणाखाली शेतकऱ्यांच्या जमिनी जाणार होत्या. त्याविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी सत्याग्रह सुरू झाला आणि तो सुमारे तीन वर्षे चालला. बापटांना तुरुंगवास घडला, धरण झालेच, पण मावळ्यांच्या बाजूने उभा राहिलेला हा माणूस 'सेनापती' म्हणून महाराष्ट्राच्या स्मरणात राहिला.

दुसरे उदाहरण चिंतामणराव देशमुखांचे. १९१२ सालच्या मॅट्रिकमध्ये ते पहिले आले आणि शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनीच मिळवली. पुढे ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, १९५० ते १९५६ देशाचे अर्थमंत्री होते आणि त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. एका ठेवीच्या व्याजावर शिकलेला मुलगा साऱ्या देशाच्या विद्यापीठांना अनुदान देणाऱ्या खुर्चीत बसला!

एकाच ठेवीतून एक सत्याग्रही झाला आणि दुसरा अर्थमंत्री. मुंबईचा प्रश्न आला तेव्हा देशमुखांनी मंत्रिपद सोडले, आणि वृद्ध सेनापती बापटही संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात उतरले. यांतले काहीही १८६६ साली ठेव ठेवणाऱ्यांना ठाऊक असणे शक्य नव्हते. गुणांवर दिलेल्या शिष्यवृत्तीचे मोल यातच आहे. ती विद्यार्थ्याचे घर, जात वा धर्म पाहत नाही आणि पुढे त्याने कोणते मत बाळगावे हेही ठरवत नाही. आणि संस्कृत हे आपले क्षेत्र नव्हे, असे आपल्या मुलांनी समजू नये. पंडित गुलाम दस्तगीर बिराजदार यांनी संस्कृतसाठी सारे आयुष्य वेचले आणि देशभर आदर मिळवला.

ही कल्पना आपल्यालाही परकी नाही. मूळ मालमत्ता राखून तिचे उत्पन्न लोकांच्या कामी लावणे, हेच वक्फचे तत्त्व आहे. आणि माणसामागे चालू राहणाऱ्या दानाला आपण सदका-ए-जारिया म्हणतो. अलीगढच्या कॉलेजात १८९० च्या सुमारास साहबजादा आफताब अहमद खान आणि प्राध्यापक अर्नोल्ड यांच्या पुढाकाराने 'अंजुमन-उल-फर्ज' हे विद्यार्थ्यांचेच मंडळ निघाले. सुट्टीत घरी गेलेली मुले गरीब सोबत्यांच्या फीसाठी गावोगाव वर्गणी जमवीत. त्यांच्यापाशी नानांसारखी पेढी नव्हती, फक्त बंधुभाव होता. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी प्रभृतींनी १८७४ साली अंजुमन-ए-इस्लाम स्थापन केली, तीही समाजाच्या देणग्यांवरच वाढली.

मग आपण काय करू शकतो? दहावीला चांगले गुण मिळवलेली मुलगी पुढे का शिकली नाही, हे शिक्षक या नात्याने विचारले, तर उत्तर बहुधा बुद्धीत सापडत नाही. ते फी, पुस्तके आणि वसतिगृहाच्या हिशेबात सापडते. अशा वेळी सात हजार रुपयेही दार उघडतात. समजा, एखाद्या कुटुंबाने वा जुन्या वर्गमित्रांनी आपल्या दिवंगत माणसाच्या नावाने एक लाख रुपये ठेवले आणि सात टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला सात हजार येतात. त्यांतले सहा हजार द्यावेत आणि एक हजार मुद्दलात टाकावेत. असे केले नाही, तर महागाई ठेवीला हळूहळू खाऊन टाकते. कित्येक जुनी पारितोषिके केवळ नावापुरती उरली, ती याच कारणाने. मुद्दलाला हात लावू नये, निवडीचे नियम आधी लिहून ठेवावेत आणि हिशेब दरवर्षी सर्वांपुढे मांडावा. एकट्याला लाख जड जात असतील, तर दहा घरांनी मिळून ठेवावेत. चाळिसाव्याच्या जेवणावळीतला काही भाग इकडे वळवला, तर मरहूमांच्या स्मृतीला उणेपणा येणार नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुम्हांला शिष्यवृत्ती मिळाली, तर ती ज्याच्या नावाची आहे, तो माणूस कोण होता हे एकदा विचारून घ्या. आणि कमावते झालात की त्या ठेवीत स्वतःची भर घाला. मागून येणाऱ्या मुलासाठी वाट मोकळी राहील ती तुमच्यामुळेच.