औटाचा वर्ग

शाळेत असताना साडेतीनचा वर्ग मी सव्वानऊ लिहिला होता. तीनचा वर्ग नऊ, अर्ध्याचा वर्ग पाव, मिळून सव्वानऊ. गुरुजींनी लाल फुली मारली, कारण सांगितले नाही. घरी आजोबांना विचारले. ते वहीकडे न पाहताच म्हणाले, "तीन औट साडेदहा, अर्धा औट पावणेदोन. झाले सव्वाबारा." उत्तर मिळाले, पण माझे तीन कुठे हरवले, हे त्यांनाही सांगता आले नाही.

पुढे पुष्कळ वर्षांनी 'लीलावती' वाचताना तीच संख्या समोर आली. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या या ग्रंथात अपूर्णांकाच्या वर्गाचा नियम आहे: अंशाचा वर्ग करावा, छेदाचाही करावा. त्याखालच्या उदाहरणात साडेतीनचाच वर्ग विचारला आहे. साडेतीन म्हणजे सात छेद दोन. वर्ग एकोणपन्नास छेद चार, म्हणजे सव्वाबारा.

त्याच ग्रंथात वर्ग करण्याची आणखी एक रीत आहे. संख्येतून हवा तो अंक एकदा वजा करावा, एकदा मिळवावा, आलेल्या दोन संख्यांचा गुणाकार करून त्यात त्या अंकाचा वर्ग घालावा. हा अंक अर्धा घेतला, की साडेतीनसाठी तीन चोक बारा आणि वर पाव. साडेसातसाठी सात आठे छप्पन्न आणि वर पाव.

माझे हरवलेले तीनही इथेच सापडले. साडेतीन हात लांबरुंद अंगण घ्या. आत तीन हातांचा चौरस बसतो, क्षेत्र नऊ. कोपऱ्यात अर्ध्या हाताचा चौकोन उरतो, तो पाव. पण दोन बाजूंना तीन हात लांब आणि अर्धा हात रुंद अशा पट्ट्या राहतात, प्रत्येकी दीड. त्या मी सोडल्या होत्या.

'औट' हा शब्दही अभ्यासण्याजोगा आहे. संस्कृत 'अर्धचतुर्थ', प्राकृत 'अद्धुट्ठ', मराठी 'औट'. तीन पूर्ण आणि चौथा अर्धा, असा त्याचा अर्थ. ज्या तीन-चारांचा गुणाकार करायचा, ते दोन्ही नावातच आहेत.

एकाहून लहान अपूर्णांकाचा वर्ग मूळ संख्येहून लहान का होतो, हे जुन्या पिढीला नाण्यांतून कळत असे. रुपयाचा पाव म्हणजे चार आणे. त्या पावाचा पाव एक आणा. आण्याचा पाव एक पैसा. म्हणजे पावाचा वर्ग आणा आणि घन पैसा! १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, आणा सव्वासहा पैशांचा झाला, आणि पावकी-निमकीपासून औटकीपर्यंतच्या पाठांतराची व्यवहारातली गरज ओसरत गेली.

चाळीसगावजवळ पाटण येथे शके ११२८ चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने काढलेल्या मठाला दिलेल्या दानाचा तो लेख. त्याचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. शेवटी मठाला द्यायच्या बाजारातल्या देण्यांचा तपशील मात्र मराठीत आहे. शास्त्र आणि बाजार तिथे एकाच दगडावर आहेत. आमच्या घरी ते वेगळे पडले होते: आजोबांकडे उत्तर होते, कारण ग्रंथात होते. ते असते, तर अंगणात खडूने त्या दोन पट्ट्या आखून दाखवल्या असत्या.