चुन्याचा घाणा

‘चुना’ हा शब्द संस्कृत ‘चूर्णा’वरून आला, दळण त्याच्या नावातच आहे. तो ज्यात दळत, त्यालाही तेलाच्या यंत्राप्रमाणे घाणाच म्हणतात. दगडात बांधलेला गोल चर, मधल्या खुंट्याला आडवा दांडा, चरात फिरणारे दगडी चाक आणि ते ओढणारा बैल, एवढीच त्याची रचना. वासोट्यासारख्या गडांवर त्याचे अवशेष दिसतात.

बारामती, जळोची, इंदापूरच्या काळ्या रानांत चुनखडीचे खडे सापडतात. चुनखडी भट्टीत भाजली की कळीचा चुना होतो आणि पाणी घातले की तो विरतो. न विरलेली कळी भिंतीत राहिली तर पुढे ओल धरून फुगते, गिलाव्याला फोड आणते. घाण्याचे चाक हीच कळी चिरडून टाकी.

दळताना चुन्यात सुरखी पडे. फारसीत ‘सुर्ख’ म्हणजे लाल. सुरखी ही विटांची भुकटी. निव्वळ चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन आवळतो, त्यामुळे पाण्याखाली तो कच्चाच राहतो. भाजलेल्या मातीतली सिलिका आणि अ‍ॅल्युमिना मात्र चुन्याशी संयोग पावतात व ते मिश्रण ओलीतही घट्ट होते. जादा भाजून काचेसारखी झालेली वीट या कामी मंद पडते. रोमन लोक हेच काम पोझ्झुओलीच्या ज्वालामुखी राखेकडून करून घेत. गुळाचे पाणीही चुन्यात घालत. साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो. सिमेंटमध्ये मात्र चिमूटभर साखरही आवळणे लांबवते.

बारामती-इंदापूरला पाणी देणाऱ्या नीरा डाव्या कालव्यामागे भाटघरचे दगडी धरण उभे आहे. 1928 साली पुरे झालेले ते बांधकाम चुन्यातले आहे. चुन्याच्या या जुन्या विद्येचा त्याहून भक्कम दाखला शोधायला नको.

जोसेफ अ‍ॅस्पडिनने 1824 साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. पुढे घाण्याची जागा पोलादी गोळ्यांच्या फिरत्या गिरणीने घेतली. तिथे क्लिंकरबरोबर, म्हणजे भट्टीतून भाजून निघालेल्या सिमेंटच्या खड्यांबरोबर, थोडा जिप्सम दळतात. गिरणी फार तापली तर जिप्सममधले पाणी उडते आणि सिमेंट कालवताच खोटे आवळते. बारीक दळलेले सिमेंट लवकर ताकद धरते, पण पाणी व उष्णता वाढवते.

सुरखीचे काम आता औष्णिक वीजकेंद्रांची राख करते. भारतीय मानकानुसार पोझोलाना सिमेंटमध्ये ती 15 ते 35 टक्के चालते. साध्या सिमेंटची बारीकी, म्हणजे कणांचे एकूण पृष्ठफळ, किलोला किमान 225 चौरस मीटर, तर याची 300 लागते. राख सावकाश काम करते, म्हणून अशा काँक्रीटला निदान 10 दिवस ओले ठेवावे लागते.